भरलेली सांडगी मिरची : सोलापुरी उन्हाचें एक पीक

मिरचीच्या पिकाचा हिशेब करतांना आपण शेतकरी दोनच वाटा मनांत धरतों. हिरवी मिरची तोडून बाजारांत पाठवावयाची, किंवा ती झाडावर लाल होऊं देऊन, वाळवून पोत्यांत भरावयाची. तिसरी एक वाट आपल्याच घरांत, आपल्याच माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. परंतु ती बायकांच्या उन्हाळी कामांतली म्हणून शेतीच्या वहींत तिची नोंद कधीं झाली नाहीं. हिरवी मिरची चिरून, तिच्यांत मसाला भरून, दह्यांत मुरवून, उन्हांत खडखडीत वाळवावयाची आणि वर्षभर लागेल तशी तेलांत तळून पानांत वाढावयाची, ही ती वाट होय. तिला कोणी सांडगी मिरची म्हणतात, कोणी दह्यांतली मिरची, तर कोणी नुसती भरली मिरची. सोलापुराकडे लग्नाच्या पंगतींत पापड-कुरडईच्या जोडीला ती नसेल तर तळण अपुरें वाटतें, आणि दहीभाताच्या किंवा भाकरी-पिठल्याच्या जेवणांत एवढी एक मिरची असली कीं दुसरें तोंडीलावणें लागत नाहीं.

अलीकडे मिरचीचे भाव पडले कीं ‘प्रक्रिया करा, वाळवा, भरा, विका’ असा उपदेश शेतकऱ्यास चोहोंकडून होतो. तो कितपत खरा आहे, ह्या मिरचीवर कोणाला खरोखर पैसा मिळूं शकेल आणि कोणाला मिळणार नाहीं, हें नीट तपासून पाहावें, एवढ्यासाठीं हा लेख आहे. त्याबरोबरच ती चांगली कशी करावी हेंही सांगावयाचें आहे. कारण वाईट केलेल्या मिरचीचा हिशेब मांडण्यांत अर्थ नाहीं.

मिरची आली कोठून व भरूं कोण लागलें

मिरची मूळची आपली नव्हे. ती अमेरिका खंडांतील वनस्पति असून सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून देशभर पसरली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटाचें काम मिरीं, पिंपळी व आलें ह्यांवर भागत असे. जेथें जेथें मिरची रुजली तेथें तेथें लोकांस एक गोष्ट आपोआप सुचली, ती म्हणजे हें फळ आंतून पोकळ आहे, तेव्हां त्यांत कांहीं भरावें आणि तें तळावें. मेक्सिकोंत मोठी मिरची भाजून, सोलून, चीज किंवा मांस भरून, अंड्याच्या पिठांत बुडवून तळतात. स्पेनच्या पाद्रोन गांवाकडे लहान हिरव्या मिरच्या न भरतांच तेलांत परतून वर जाडें मीठ टाकून खातात. आपल्याकडे जोधपुरास बटाटा भरून मिरचीवडा करतात, आणि हैदराबादेस शेंगदाणा, तीळ व चिंचेच्या रश्शांत तळलेली मिरची सोडून सालन करतात.

सोलापूरची गोष्ट ह्यांत थोडी निराळी आहे. ह्या शहरांत मराठी, कानडी व तेलुगु अशा तीन भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. १८७७ सालीं येथें पहिली कापड-गिरणी निघाली, आणि हातमागाच्या व गिरणीच्या कामासाठीं तेलंगणांतून पद्मशाली विणकरांचीं घराणीं मोठ्या संख्येनें येथें येऊन स्थायिक झालीं. दक्षिणेकडे तर कर्नाटकाची सीमा अगदीं लगत आहे. कानडी घरांत हीच मिरची ‘बाळक’ ह्या नांवानें, तेलुगु घरांत ताकांतली मिरची म्हणून, आणि पुढें तमिळ मुलखांत ‘मोर मिळगाय’ म्हणून ओळखली जाते. दक्षिणेंत मिरचीला नुसती चीर देऊन ती खारट ताकांत रात्रीं भिजवावयाची व दिवसा वाळवावयाची अशी चाल अधिक; आपल्याकडे धने-मेथीचा मसाला आंत दाबून भरण्यावर भर अधिक. सोलापुरांत दोन्ही पद्धति एकाच गल्लींत सांपडतात, आणि एकीचा गुण दुसरींत घेणें कोणास अवघड जात नाहीं.

ताज्या मिरचीच्या तळणाचाही येथें विसर पडूं नये. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हां व एरव्हीं आठवड्याच्या बाजारींही, बेसनांत बुडवून तळलेली मिरचीभजीं चुरमुऱ्यांबरोबर खाण्याची ह्या भागांत फार आवड. भज्यांस लागणारी मिरची लांब, जाड सालीची व बेताची तिखट असावी लागते. ही ‘भज्याची मिरची’ बाजारांत निराळी ओळखली जाते, निराळी मोजली जाते, व नेमकी तीच मिरची सांडग्यासही उत्तम. ही बाब पुढें हिशेबांत उपयोगी पडेल.

सोलापूरचें ऊन

सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा. वर्षाचा पाऊस साधारण साडेपांचशे ते सहाशे मिलिमीटर, आणि तोही बेभरंवशाचा. ह्याच कारणास्तव कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र १९३३ सालीं येथें निघालें. मार्चपासून हवेंतला ओलावा झपाट्यानें कमी होतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पिकाला जें ऊन जाळतें तेंच वाळवणाला तारतें. कोंकणांत जी मिरची वाळावयास आठ-दहा दिवस लागून मधेंच बुरशी धरते, ती येथें चार-पांच दिवसांत खुळखुळूं लागते. आपण पावसाबद्दल दैवास दोष देतों. पण ह्या फुकट मिळणाऱ्या भट्टीचा उपयोग आपल्यापैकीं किती जण करतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

हंगामाचा मेळ मात्र जमवावा लागतो. पावसाळी मिरचीचा मुख्य तोडा सप्टेंबर ते डिसेंबरपर्यंत होऊन जातो, तेव्हां ऊन मंद असतें. सांडग्यासाठीं उन्हाळी लावण हवी. जानेवारींत रोप शेतांत गेलें तर दोन-अडीच महिन्यांनीं, म्हणजे एप्रिलच्या तोंडाशीं, पहिला हिरवा तोडा हातीं येतो, आणि पाऊस येण्यापूर्वीं तीन-चार तोडे साधतात. त्यास अर्थातच विहिरीचें किंवा कालव्याचें खात्रीचें पाणी पाहिजे. जेथें मे महिन्यांत विहीर तळ गांठते तेथें ह्याच्या नादीं लागूं नये.

जात व तोडणी

प्रत्येक मिरची भरण्याजोगी नसते. लवंगी बारीक व जहाल. तिच्यांत मसाला मावत नाहीं आणि खाणाराच्या डोळ्यांना पाणी येतें. ब्याडगी लाल झाल्यावर रंगासाठीं नांवाजलेली. २०११ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. पण तिचें खरें मोल वाळल्या लाल सालींत आहे, हिरवी भरण्यांत नाहीं. सांडग्याला बोटभर लांब, सरळ, गुळगुळीत, जाड सालीची व मध्यम तिखट फळें निवडावीं. वांकडीं फळें भरतांना फाटतात, आणि पातळ सालीचीं वाळल्यावर कागदासारखीं होऊन तळतांना क्षणांत जळतात.

तिखटपणा बियांत असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक तो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यांत तयार होतो. बियांना तो केवळ संसर्गानें लागतो. म्हणून मिरची सौम्य करावयाची असल्यास नुसत्या बिया झटकून भागत नाहीं. पांढरा गाभाही काढावा लागतो. झाडास पाण्याचा ताण बसला तर तीच जात अधिक तिखट निघते, हेंही शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें. एका तोड्याची मिरची गोड आणि दुसऱ्याची जहाल अशी तक्रार गिऱ्हाईक करतें, तिचें मूळ बहुधा पाण्याच्या अनियमित पाळ्यांत असतें.

तोडणी सकाळीं, दंव उडून गेल्यावर, देंठासकट करावी. देंठ तुटला कीं तेथून ओल व बुरशी आंत शिरते. शिवाय तळलेली मिरची देंठाला धरूनच खाल्ली जाते. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी ह्यांच्यामुळें मिरचीवर चुरडा-मुरडा येतो आणि फवारणीचा हात सैल होतो. वाळवणांत मिरचींतलें पाणी उडून जातें. फवारलेलें औषध मात्र पाण्याबरोबर उडून जातें असें धरतां येत नाहीं. डब्यावर जितके दिवस थांबावयास सांगितलें असेल तितके दिवस थांबल्यावांचून ह्या कामासाठीं एकही फळ तोडूं नये. आपल्या घरचीं मुलेंही हीच मिरची खाणार आहेत.

भरण्याची रीत

घरोघरचा मसाला निराळा असतो. तरी एक किलो मिरचीस पुढील प्रमाण बेताचें समजावें. धने ६० ग्रॅम, मोहरी ३० ग्रॅम, मेथी २० ग्रॅम, जिरें १० ग्रॅम, हळद १० ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, मीठ ६० ग्रॅम, आणि आंबट दहीं पाव किलो. धने, जिरें व मेथी मंद आंचेवर कोरडेंच भाजावें. मेथी तांबूस होतांच उतरावी, काळी झाली कीं सगळा मसाला कडू होतो. मोहरी न भाजतां भरड वाटावी, म्हणजे तिचा झणका टिकतो.

मिरच्या धुऊन, पुसून, सावलींत पूर्ण कोरड्या कराव्या. ओली मिरची चिरूं नये. एका अंगास उभी चीर द्यावी, दोन्ही टोंकें अखंड ठेवावीं. गाभा काढून, दह्यांत कालवलेला घट्ट मसाला बोटानें दाबून भरावा. मग मिरच्या चिनी मातीच्या बरणींत एक रात्र दडपून ठेवाव्या. मिठानें मिरचीला पाणी सुटतें, दह्याची आंबट साल आंत मुरते, आणि ह्या आंबटपणामुळें व मिठामुळें नासवणाऱ्या जंतूंचें बळ कमी होतें. दुसरे दिवशीं त्या उन्हांत पसराव्या, बरणींत सुटलेलें पाणी फेंकूं नये; संध्याकाळीं त्याच पाण्यांत मिरच्या पुन्हां घोळाव्या. असें दोन दिवस केल्यावर पाणी संपतें. नंतर केवळ वाळवणें उरतें.

वाळविण्यांतील धोका

हें काम सोपें वाटतें, पण माल बिघडतो तो येथेंच. हिरव्या मिरचींत शंभरांत पंच्याऐंशी ते नव्वद भाग पाणी असतें. तें दहा भागांच्या आसपास येईपर्यंत मिरची टिकाऊ झाली असें म्हणतां येत नाहीं. वरची साल लवकर कोरडी दिसते, पण मसाल्याच्या पोटांत ओल राहते. म्हणून चिरेची बाजू वर ठेवून पसरावें, दिवसांतून दोनदां उलटावें, आणि संध्याकाळीं घरांत आणून झांकावें. रात्रींच्या दंवानें दिवसाची कमाई परत जाते. जमिनीवर किंवा शेणानें सारवलेल्या अंगणांत पसरूं नये. बाजेवर किंवा चौकटीवर स्वच्छ कापड ताणावें, म्हणजे वारा खालूनही लागतो. वर पातळ मलमल घातली तर माशा व धूळ टळतात.

मिरची रेंगाळत वाळली तर तिच्यावर एक पिवळट-हिरवी बुरशी धरते. ह्या जातीच्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. तें यकृतास घातक असून तळल्यानें जात नाहीं. युरोपांत भारतीय मिरचीच्या मालाची ह्या विषासाठीं खास तपासणी होत आली आहे. बुरशी पुसून, पुन्हां ऊन देऊन मिरची विकणें हा गिऱ्हाइकाचाच नव्हे, तर शेजाऱ्याच्या चांगल्या मालाचाही घात आहे. मोडली असतां कट्‌ असा आवाज होईल आणि आंतला मसाला सुटा पडेल तेव्हांच ती हवाबंद डब्यांत भरावी.

ही मिरची पौष्टिक म्हणून खपवूं नये हेंही सांगितलें पाहिजे. ताज्या मिरचींत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असतें. हंगेरींतील सेगेड येथें सेंट-ज्यॉर्जी ह्या शास्त्रज्ञानें तेथील मिरचींतूनच तें मोठ्या प्रमाणावर वेगळें काढलें, व त्यास १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु उन्हानें व कढत्या तेलानें त्या जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. भरली मिरची ही रुचीची वस्तु आहे. तिनें जेवण जातें, आणि तेवढा मान तिला पुरेसा आहे.

तळतांना करडईचें किंवा शेंगदाण्याचें तेल बेताचें तापवावें. मिरचीवर दह्याचा अंश असल्यानें ती फार लवकर काळवंडते. म्हणून हव्या त्या रंगाच्या एक छटा आधींच बाहेर काढावी, उरलेला रंग ती स्वतःच्या उष्णतेनें घेते. तिखट द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्धांशांत विरघळतें. म्हणून तिखट लागलें असतां पाणी पिऊन उपयोग होत नाहीं, दह्यानें मात्र शांति मिळते. दहीभाताशीं तिची सोयरीक जमली ती उगाच नव्हे.

हिशेब

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. दहा किलो हिरव्या मिरचींत बाराशे ग्रॅम कोरडा अंश धरला तर वाळून तिचें वजन सव्वा ते दीड किलोच उरतें. त्यांत मसाला, मीठ व दह्याचा अंश मिळून, गळती वजा जातां, तयार माल तीन ते साडेतीन किलो पडतो. म्हणजे गिऱ्हाईक मिरची म्हणून जें घेतें त्यांत निम्म्याहून अधिक वजन मसाल्याचें असतें.

खर्चाचे आंकडे गांवोगांवीं बदलतात. पण रीत समजावी म्हणून कांहीं धरून चालूं. समजा, हिरवी मिरची वीस रुपये किलो, म्हणजे दहा किलोचे २०० रुपये. मसाला व दहीं ५०० रुपये. निवडणें, चिरणें, भरणें, वाळविणें मिळून दीड मजुरी, दर ४०० रुपयांप्रमाणें ६०० रुपये. डबे-पिशव्या ६० रुपये. एकूण १,३६० रुपये. तयार माल सव्वातीन किलो धरला तर किलोस सुमारें ४१८ रुपये पडले. आतां समजा, मिरचीचा भाव कोसळून पांच रुपयांवर आला. तर दहा किलोचे ५० रुपये, एकूण खर्च १,२१० रुपये, आणि किलोचा पडता दर सुमारें ३७२ रुपये. मिरचीचा भाव चौथाईवर आला, पण तयार मालाचा खर्च नवव्या हिश्श्यानेंच उतरला!

ह्या साध्या हिशेबांत सगळें सार आहे. भरल्या मिरचीचा खर्च मिरचींत नाहीं. तो मसाल्यांत व हातांत आहे. म्हणून ‘भाव पडला, तर भरून वाळवूं’ हा विचार फसवा होय. एका एकरांत तीन हजार किलो हिरवी मिरची निघाली, आणि ती सगळी भरावयाची ठरविली, तर वरील मानानें साडेचारशे मजुऱ्या लागतील. एवढे हात एप्रिल-मे महिन्यांत कोणत्या घरांत मोकळे असतात? पडलेल्या भावाचा तोटा भरून काढण्याचें हें साधन नव्हे. तो तोटा लावणीच्या वेळीं विचार करून, मिरचीखालचें क्षेत्र बेताचें ठेवून, आणि लाल करून वाळविण्याजोगी जात निवडूनच टाळावा लागतो.

मग हा उद्योग कोणी करावा? ज्याच्या घरांत हातखंडा असलेली माणसें आहेत, ज्याला ओळखीचें गिऱ्हाईक आहे, आणि जो त्यासाठींच निवडून थोडी मिरची लावील, त्यानें. दोनशे किलो हिरव्या मिरचीस तीन गुंठे पुरतात. त्यांतून पासष्ट किलोंच्या आसपास तयार माल निघतो. शेतांतली बाकीची तीच जाड मिरची भजीवाल्यांना ताजी विकतां येते. म्हणजे लहान-मोठें फळ वांयां न जातां दोन गिऱ्हाइकें सांधतात. विक्री करावयाची तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याखालीं नोंदणी करून, पिशवीवर घटक व तारीख स्पष्ट छापावी. नांवाचा फायदाही मिळूं शकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीस व सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन आहे. पण तें मानांकन मिळण्याआधीं कित्येक वर्षें त्या मालानें आपला लौकिक मिळविला होता. लौकिक आधीं, शिक्का मागाहून.

मजुरी कोणाची?

हिशेबांत ६०० रुपये मजुरी धरली. बहुतेक घरांत ती धरलीच जात नाहीं. घरच्या बायकांचे हात फुकटचे मानून ‘किलोमागें एवढा नफा झाला’ असें सांगितलें जातें. तो नफा नव्हे. ती त्यांचीच न दिलेली मजुरी आहे. चिरलेल्या मिरचीची आग रात्रभर बोटांना जाळते, हें भरणारीलाच ठाऊक. हातांस तेल लावून रबरी मोजे घातले तर ती पुष्कळ टळते. मोज्यांचा खर्च प्रथम करावा.

घरगुती वाळवणांतून मोठा धंदा उभा राहूं शकतो ह्याचें उदाहरण आपल्यापुढें आहे. मुंबईस गिरगांवांत १९५९ सालीं सात बायकांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, व त्यांतून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. तिचें यश एकट्या पापडाच्या चवींत नव्हतें. लाटणारीच संस्थेची भागीदार आणि दररोजच्या कामाचा दररोज चोख हिशेब, ह्या दोन गोष्टींत होतें. भरल्या मिरचीचा उद्योग गांवांत काढावयाचा तर वही तिच्याच नांवाची असावी, पैसा तिच्याच हातीं पडावा. मिरची शेताची, म्हणून शेतकऱ्यानें तिला त्या दिवशींच्या बाजारभावानें विकत द्यावी. असें केलें म्हणजे धंदा खरा कीं खोटा हें पहिल्याच उन्हाळ्यांत स्पष्ट होतें.

तेव्हां वाचक शेतकरी बंधूंस सुचवावयाचें तें एवढेंच. येत्या जानेवारींत तीन गुंठे जाड सालीची मिरची, पाणी खात्रीचें असेल तरच, निराळी लावावी. एप्रिलांत दहा किलोंचा एक घाणा करून प्रत्येक खर्च, मिनिटांच्या हिशेबानें मजुरीसकट, वहींत मांडावा. जो दर पडेल त्या दराला चार ओळखीचीं घरें माल घेतात कीं नाहीं तें पाहावें. घेत असतील तर दुसरा घाणा भरावा. घेत नसतील तर पहिला घाणा वर्षभर घरच्या पानांत वाढावा. कोणत्याही बाजूनें तो वांयां जाणार नाहीं.